नवव्या खुंटावरची चिंधी

कुटुंबनियोजनावर मी चौदा वर्षं बोलत आलो होतो, आणि तेवढ्या काळात एकानेही मला विचारलं नव्हतं की, तुझं काय. त्यामुळे ज्या दिवशी एकाने विचारलं त्या दिवशी माझी वाचाच बसली.

मी आरोग्यसेवक आहे. राहतो डहाणूला, नोकरी तलासरीकडच्या एका उपकेंद्रात. सकाळी मोटारसायकल काढायची, कोसबाडवरून आत शिरायचं आणि दिवसभर पाडे फिरायचे. तापाच्या माणसांचं रक्त काचेवर घ्यायचं, विहिरीत पावडर टाकायची, लसीकरणाला कोण आलं नाही ते बघायचं. या कामाने मला मोजायची खोड लागली आहे. घरं मोजतो, डबकी मोजतो, कोणाच्या घरी जिना असला तर पायऱ्याही मोजतो. बायको म्हणते, जेवताना माझ्या पोळ्या मोजत जाऊ नका.

पाड्यावर मला सगळे डॉक्टर म्हणतात. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो, मग सोडून दिलं. आणि सगळे मला 'तू' म्हणतात. तिथे लहान-मोठा, साहेब-मजूर असा भेद बोलण्यात नाही, सगळ्यांना एकच 'तू'. नव्याने नोकरीला लागलो तेव्हा मला तो अपमान वाटायचा. आता डहाणूला परत आल्यावर कोणी 'अहो साहेब' म्हटलं की मीच इकडे-तिकडे बघतो.

ज्याने प्रश्न विचारला तो ताडी काढणारा होता. माझ्याच वयाचा, काटक, कमी बोलणारा. घरापुढे त्याचे तीन ताड होते. ताडाचा रस काढायचा तर झाडावर सकाळ-संध्याकाळ चढावं लागतं, रोज कोयत्याने तुऱ्याचं टोक तासावं लागतं, नाहीतर रस आटतो. चढायला त्याने प्रत्येक ताडाला एक उंच बांबू बांधला होता. बांबूच्या पेरापेरावर फांदीचा वीतभर खुंट राखलेला, त्या खुंटांवर पाय देत वर जायचं. तो हे काम असं करायचा की खाली उभ्या माणसाला वाटावं, आपल्यालाही जमेल.

त्याच्या बायकोच्या तीन बाळंतपणांची नोंद मीच ठेवली होती. तिसऱ्या खेपेला तिच्या अंगावरून इतकं गेलं की रक्ताच्या दोन पिशव्या लांबून आणाव्या लागल्या होत्या. ती वाचली, पण रक्त काही सातच्या पुढे सरकत नव्हतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, चौथं राहिलं तर ही बाई हाताला लागणार नाही. तिचं ऑपरेशन करावं तर अंगात रक्त नाही. तांबी बसवून बघितली, तर जास्तच जायला लागलं, काढावी लागली. गोळ्या तिला सोसत नव्हत्या. निरोध मी नेऊन द्यायचो, आणि पुढच्या फेरीला ती पाकिटं तशीच कुडाला खोचलेली दिसायची. ती रिकामे दोन हंडे घेऊन निघायची तेव्हा ठीक चालायची. भरून आणले की उंबऱ्यावर बसायची आणि बराच वेळ उठायची नाही.

त्या दिवशी ती दारात तांदूळ निवडत होती आणि तो दगडावर कोयता घासत होता. मी नेहमीचं बोलणं सुरू केलं.

"तिचं होत नाही तर तू कर," मी म्हटलं. "पुरुषांची नसबंदी बिनटाक्याची असते. पंधरा मिनिटांचं काम. त्याच दिवशी घरी."

"माझा धंदा झाडावर," तो म्हणाला. "पाय थरथरला का मी खाली. ते केल्यावर कंबरेतली ताकद जाते."

"काही जात नाही. ताकदीचा नि त्याचा संबंध नाही."

"झाईकडचा एक माणूस करून आला. परत होडी ओढाया गेला नाय."

"त्याला आळस आला असेल."

त्याने कोयत्याच्या धारेवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू करून आलास काय?"

"नाही."

"पोरं किती तुला?"

"दोन मुली."

"मंग?"

यात टोमणा नव्हता. बस कधी येते असं विचारावं तसं त्याने विचारलं. टोमणा असता तर मी परतवला असता, त्यात माझी जीभ चांगली चालते. पण तांदूळ निवडणारा हात थांबला होता आणि ती माझ्याकडे बघत होती. तिला माझ्या उत्तराची खरंच गरज होती. मी पुढच्या खेपेला बोलू असं काहीतरी पुटपुटलो आणि निघालो. गाडी तीन किकनंतर सुरू झाली, आणि त्या तीन किका मारताना मला जेवढी लाज वाटली तेवढी नोकरीत कधी वाटली नव्हती.

घरी बायको कोलंबी सोलत बसली होती. ती शाळेत शिकवते. मी तिला हा प्रसंग विनोद म्हणून सांगितला, त्या माणसाच्या आवाजाची नक्कल करून. ती हसली नाही.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार. निघालो."

तिने आणखी दोन-तीन कोलंब्या सोलल्या. मग वर न बघता म्हणाली, "चौदा वर्षं घरोघरी जाऊन सांगता. आपल्या घरी कधी आला नाहीत ते सांगायला."

आमच्यात ठरलेलं होतं की येत्या मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागली की, ती स्वतःचं ऑपरेशन करून घेणार. ठरलेलं म्हणजे काय, कोणी ठरवलं नव्हतं. दुसरी मुलगी सिझेरियनने झाली, त्यानंतर तिने तांबीचा त्रास काढला, आणि पुढचंही तीच काढणार हे आम्ही दोघांनी गृहीत धरलं होतं. माझ्या डोक्यात ऑपरेशनची यादी बायकांचीच होती, आणि त्या यादीत माझी बायको होती. मी मात्र यादी करणारा होतो. हे लक्षात आलं तेव्हा मला स्वतःचा राग आला, आणि राग आला की मी अंगण झाडायला घेतो. त्या संध्याकाळी अंगण दोनदा झाडून झालं.

दोन दिवस मी तो विषय टाळला. खरं सांगायचं तर भीती वाटत होती. मला सगळी माहिती होती. कुठली नळी, ती कुठून कुठे जाते, कशी बांधतात, याचा रंगीत तक्ता माझ्या पिशवीत असतो. पण माहिती डोक्यात असते आणि ही भीती बरीच खाली बसलेली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी बायकोला म्हटलं, "मीच करून घेतो." ती "बरं" म्हणाली आणि माझ्या कपात आणखी थोडा चहा ओतला. सकाळी दुसरा चहा आमच्या घरात मिळत नाही, तेव्हा मला समजलं की ती खूश आहे.

मी लगेच पाड्यावर जाऊन ताडीवाल्याला सांगितलं. "मी करून घेतोय. मी केलं की तू करशील?"

त्याने विचार केला. "तुझं काय जाणार? तू तर गाडीवर बसतोस."

तेवढ्यात दारातून त्याची बायको बोलली. मी आल्यावर ती सहसा बोलायची नाही. "आता त्याला झाडावर चढू दे," ती नवऱ्याला म्हणाली. "करून आल्यावर परत चढू दे. मंग समजंल ताकद गेली का राहिली."

मी पुष्कळ प्रशिक्षणांना बसलो आहे, पडद्यावर चित्रं दाखवून शिकवलेलं ऐकलं आहे. इतकं स्वच्छ मला तिथे कोणी सांगितलं नव्हतं. पण त्या बोलण्यात एक अडचण होती, ती म्हणजे मला झाडावर चढता येत नाही. माझं बालपण चिखल्याला चिकूच्या वाडीत गेलं, आणि चिकू जमिनीवर उभं राहून जाळीच्या काठीने काढता येतो.

"चप्पल काढ," ताडीवाला म्हणाला.

तो प्रसंग मी थोडक्यात सांगतो. पहिले चार खुंट मी झपाट्याने चढलो, कारण खाली बघितलं नव्हतं. पाचव्यावर बघितलं. पुढचे चार मी बांबूला मिठी मारून, गाल घासत, देवाचं नाव घेत चढलो. नवव्यावर माझी पावलं थरथरायला लागली. तिथून खाली यायला चढण्यापेक्षा दुप्पट वेळ लागला, कारण उतरताना डोळे मिटले तर खुंट सापडत नाही आणि उघडले तर चक्कर येते. मी मिटलेलेच ठेवले. खाली पाय टेकल्यावर माझा सदरा खांद्यात उसवला होता.

"नऊ," मी म्हटलं. दम लागला होता तरी मोजलं होतं.

तिने जुन्या लुगड्याच्या काठाची एक लाल चिंधी फाडून नवऱ्याला दिली. तो चिंधी दातात धरून वर गेला आणि नवव्या खुंटाला बांधून आला. एवढ्याला त्याला माझ्या दोन श्वासांइतका वेळ लागला. "आता जा, करून ये," तो म्हणाला.

थंडी संपत आली तेव्हा माझा दिवस ठरला. तलासरीच्या रुग्णालयात सगळे ओळखीचे, हीच मोठी पंचाईत. आदल्या दिवशी शिपायाने विचारलं, "साहेब, उद्या कोणाला घेऊन येताय?" मी म्हटलं, "मलाच." तो एवढा गोंधळला की त्याने मला नमस्कार केला.

सकाळी मी आंघोळ केली, सांगितलेली साफसफाई केली. त्या कामाला आरशापुढे जितकी कसरत लागते त्याबद्दल आमच्या तक्त्यात एक ओळ असायला हवी असं माझं मत झालं. हलका नाश्ता, घट्ट लंगोट बरोबर, सैल पायजमा. अर्ज मीच भरला. इतरांचे शेकडो भरलेत, पण 'लाभार्थीची सही' या जागी पोचल्यावर सवयीने मी साक्षीदाराच्या रकान्यात सही ठोकली. अर्ज पुन्हा लिहावा लागला.

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला समोर बसवून सगळं समजावायला सुरुवात केली. मी म्हटलं, "सर, मला माहीत आहे, मी हेच सांगतो." ते म्हणाले, "मग आज ऐका." आणि त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं. ही पक्की शस्त्रक्रिया आहे, पुन्हा जोडणं सोपं नसतं, विचार झालाय ना. आज झालं म्हणजे आजपासून झालं असं नाही. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्याची तपासणी, ती स्वच्छ आली की मोकळे. मी मान डोलावत होतो आणि मनात म्हणत होतो, माझ्यापेक्षा हा बरा सांगतो. कारण तो मध्ये मध्ये थांबत होता, आणि मला विचारायला जागा देत होता. मी कधी थांबलो नव्हतो.

टेबलावर झोपल्यावर वर पंखा होता, बंद. त्याची पाती मोजली, तीनच निघाली. सुई टोचली तेव्हा दुखलं, हे मी लपवत नाही. लाल मुंगी नको तिथे चावावी इतपत. मग भाग बधिर झाला. डॉक्टरांनी विचारलं, चिखल्याकडे चांगले चिकू कोणाकडे मिळतात. मी सांगत असताना एकदा ओटीपोटात कोणीतरी आतून दोरी ओढल्यासारखं वाटलं आणि माझं वाक्य मध्येच तुटलं. "झालं, ही एक बाजू," ते म्हणाले. दुसऱ्या बाजूला मी आधीच गप्प राहिलो. चिकूवाल्याचा पत्ता सांगून पुरा होईतो काम संपलं होतं. टाका नाही, एक लहानशी पट्टी. मी उठून बसलो आणि मला एकदम हसू आलं. एवढ्यासाठी मी दोनदा अंगण झाडलं होतं.

बाहेर झाडाखाली एक सिमेंटचा बाक आहे. बायकांची ऑपरेशनं असतात तेव्हा त्या बाकावर नवरे बसतात, मोबाइल बघत, तंबाखू मळत. मी त्यांना चौदा वर्षं बघतोय. त्या दिवशी तिथे माझी बायको बसली होती, मांडीवर वह्यांचा गठ्ठा आणि हातात लाल पेन. मला बघून ती उभी राहिली.

"दुखलं का?"

"मुंगी चावली."

"चाला मग," ती म्हणाली आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. घरी जाताना रिक्षावाल्याला तिने तीनदा सांगितलं, खड्डे चुकव. तो रस्ता तलासरीचा, चुकवून चुकवून किती चुकवणार.

दोन दिवस मी पलंगावर राजासारखा पडून होतो. मुलींना सांगितलं होतं की पप्पांचं लहानसं ऑपरेशन झालंय, आणि त्यांनी माझ्या उशाशी पाण्याचा तांब्या आणि एक घंटी ठेवली होती. घंटी मी फार वाजवायला लागल्यावर तिसऱ्या वेळी बायकोने ती काढून घेतली. शेजारच्या काकू डोकावल्या आणि काय झालं विचारलं. मी काहीतरी गोलमोल बोलणार, तोच ही म्हणाली, "नसबंदी केली त्यांनी." काकू "अगबाई" म्हणाल्या, थोडा वेळ बसल्या, आणि जाताना हळूच म्हणाल्या, "आमच्या वेळी कोणी नाही केली हो." संध्याकाळी त्यांनी वाटीभर खीर पाठवली. ती खीर मी अभिमानाने खाल्ली. आठवड्याने मी कामावर गेलो. थोडी सूज होती, तीही गेली. मे महिन्याच्या सुट्टीत आता आपण काय करायचं, हे बायको मुलींशी बोलत होती, आणि त्यात दवाखान्याचं नाव नव्हतं. ते ऐकत बसायला मला फार बरं वाटत होतं.

दीड महिन्याने, डॉक्टरांना विचारून, मी ताडाखाली उभा राहिलो. मधल्या काळात मी त्या पाड्यावर गेलो नव्हतो, कारण मला समारंभाने जायचं होतं. सदरा जुना घातला होता. ताडीवाला आणि त्याची बायको दोघं होते. ती लुगड्याचा पदर दातात धरून घराच्या खांबाला टेकून उभी होती, नेहमीपेक्षा फिकट.

मी चढायला लागलो. या वेळी मी खाली बघायचं नाही असं ठरवून आलो होतो. एक, दोन, तीन. पाचव्यावर मी आरामात होतो. सातव्या खुंटाला हात घातला आणि हाताला चिंधी लागली.

मी थांबलो. पुन्हा खाली मोजलं, वर मोजलं. सातच. पहिल्यांदा वाटलं, वाऱ्याने सरकली असेल. पण चिंधी खुंटाला घट्ट बांधलेली होती, आणि गाठ वेगळी होती. ताडीवाल्याने एक हिसका देऊन बांधली होती. ही दुहेरी, नीट चेपून बसवलेली, बायका पोटलीला मारतात तशी.

"पोचलास," खालून तो म्हणाला. "उतर."

उतरायला हवं होतं. उतरलो असतो तर सगळ्यांचंच भलं होतं. पण मला राग आला. मला एवढंच समजलं की तिला वाटलं होतं, मी नऊ गाठणार नाही. ताकद जात नाही म्हणून मी घसा कोरडा केला, आणि जिच्यासाठी केला तिचाच विश्वास नाही. मी चिंधीवरून पुढे गेलो. आठ. नवव्याला पाय लटपटले, अगदी पहिल्यासारखेच. दहाव्यावर मी नुसता हात ठेवला आणि खाली आलो, डोळे मिटून, दोन्ही नडग्या खरवडून घेत.

तिच्याकडे मी बघितलं नाही. तो माझ्या नडग्यांकडे बघत होता. "शिमगा झाला का येतो," तो म्हणाला. एवढंच.

त्या दिवशी घरी येईपर्यंत मी गाडीवर गाणं म्हणत होतो. बायकोला सगळं सांगितलं, दहाव्या खुंटाचं दोनदा. चिंधी सरकवल्याचंही सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला राग कसला आला हो? ती बाई एवढी चढली कशी, ते नाही आलं मनात?" नव्हतं आलं. माझ्या मनात माझंच चढणं होतं.

शिमगा झाल्यावर तो खरंच आला. आठ-पंधरा दिवस झाडांचं काम भाऊ बघणार होता. बायको बरोबर होती. आत बोलावायला वेळ होता म्हणून आम्ही तिघं त्या सिमेंटच्या बाकावर बसलो. ती पाणी प्यायला नळावर गेली तेव्हा तो म्हणाला, "तू वरती का गेलास? चिंधीपाशी पोचला होतास."

मी जरा घुटमळलो. तिला उघडं पाडायचं नव्हतं. "चिंधी खाली आली होती," मी म्हटलं.

"ते माला माहीत हाय. मी रोज दोनदा चढतो त्या झाडावर."

हे साधं गणित, मोजणारा माणूस मी, माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. चिंधी सरकली त्याच दिवशी संध्याकाळी तिच्यावरून त्याचा पाय गेला असणार.

"मग बोलला का नाहीस?"

तो नळाकडे बघत होता. ती एका हाताने नळाची भिंत धरून, दुसऱ्या हाताच्या ओंजळीने पाणी पीत होती. "ती दोन हंडे आणते नि बसते," तो म्हणाला. "आमच्यात बाया ताडावर चढत नाय. ती कदी नाय चढली. मी कामाला गेलो होतो, घरात कोण नाय. तवा ती नवव्या खुंटाला गेली, गाठ सोडली, सातव्याला बांधली. पडली असती तर?"

मीही नळाकडे बघितलं.

"मी ऑपरेशनला भीत बसलो नि ती झाडावर चढली," तो म्हणाला. "चिंधी खाली बघितली, त्याच दिशी मी ठरवलं."

"मग मला कशाला चढवलंस?"

"तू तयार होऊन आला होतास," तो म्हणाला. त्याच्या मिशीत हसू होतं. "नि तिला बघायचं होतं."

तेवढ्यात आतून त्याच्या नावाचा पुकारा झाला. त्याने चपला बाकाखाली सरकवून ठेवल्या, जशा ताडाखाली ठेवतो, आणि आत गेला. ती परत आली तेव्हा तो नव्हता. ती बसली. तिने विचारलं, किती वेळ लागेल. मी म्हटलं, पंधरा मिनिटं. मला तिची माफी मागायची होती, पण कशाची ते नीट मांडता येईना. म्हणून मी विचारलं, "नवव्या खुंटावर भीती वाटली नाही?"

ती चपापली. मला माहीत आहे हे तिला बहुधा त्या दिवसापासून ठाऊक होतं, तरी चपापली. मग पदराशी चाळा करत म्हणाली, "वाटली ना. एक हात सुटत नव्हता. त्याची गाठ लय घट्ट." जरा थांबून म्हणाली, "दातांनी सोडवली."

या वेळी मी थांबून बघितलं, तिला काही विचारायचं आहे का. तिने विचारलं, "हे झाल्यावर आता परत नाय ना राहणार?" मी तिला तीन महिन्यांचं सांगितलं, तपासणीचं सांगितलं. माझीही तपासणी अजून बाकी आहे, त्याच्या आधी होईल, झाली की तुला येऊन सांगेन म्हटलं. या वेळी पाकिटं कुडाला खोचून ठेवायची नाहीत, हेही सांगितलं. ती म्हणाली, "ते मी बघते." आणि ती बघणार याबद्दल मला शंका उरली नाही.

दार उघडलं. तो बाहेर आला, पाय जरा फाकवून, एकेक पाऊल जपून टाकत, जगातला सगळ्यात चपळ चढणारा माणूस. त्याला तसं चालताना बघून ती हसायला लागली. तिला हसताना मी पहिल्यांदा बघत होतो. हसता हसता तिने डोळे पुसले आणि बाकावर सरकून त्याला बसायला जागा केली.